परसातली कोंबडी डोळ्यांनी अधू झाली, तिची व्यवस्था कशी लावावी?

आगरातली
गावरान तलंग आहे, अंड्यावर नुकतीच आलेली. श्रावणात खुराड्यात देवी (कोंबड्यांचा फोडांचा रोग, फाउल पॉक्स) शिरली. तुऱ्यावरच्या खपल्या गळून बाकीच्या जणी खडखडीत बऱ्या झाल्या. हिचा डावा डोळा मात्र पांढरट पडलाय. उजव्याच्या पापण्या सकाळी चिकटलेल्या असतात आणि उघडल्या तर आत पनीरसारखा पांढरा गोळा दिसतो. दाणा टिपायला जाते तेव्हा चोच बाजूलाच पडते. बाकीच्या टोचतात, कोंबडा तर सोडतच नाही.
विचारायचं एवढंच: हिला वेगळी ठेवायची की कळपातच? दाणापाणी कसं मांडायचं? रात्री दांडीवर बसवायची की खाली?
"कापून टाका" हा सल्ला घरातून मिळालेला आहे, इथे नको.

कोंबडेवडे
शेवटच्या ओळीने माझा प्रतिसाद बाद झाला. वाचनमात्र.

साळुंकी
व्यवस्थेचं नंतर बघू, आधी थोडी माहिती द्या. खायला काय घालता? डोळ्यात फेसाचे बुडबुडे येतात का? नाकातून पाणी, चेहऱ्याला सूज, घाण वास? डाव्या डोळ्यातली बाहुली गोल आहे का कडा खाल्लेल्या? चाल बरोबर आहे का, की एक पाय पुढे आणि एक मागे पडतो?

आगरातली
खायला तांदळाची कणी, उरलेला भात आणि आगरात मिळेल ते. पण पावसाळाभर फारशी सोडलेली नव्हती. फेस नाही, वास नाही, सूज नाही. चाल व्यवस्थित. डाव्या डोळ्यावर पांढरा पडदाच आहे, बाहुली दिसत नाही.

डॉ. खुराडे
साळुंकींनी नेमके प्रश्न विचारले. कोंबडीला दिसेनासं होण्याची कारणं निरनिराळी असतात आणि त्यातली निम्मी संसर्गजन्य असतात. त्यामुळे कारण ठरल्याशिवाय "कळपात ठेवू का" याला उत्तर नाही.

फेस आणि घरघर असेल तर मायकोप्लाझ्मा, म्हणजे पोल्ट्रीवाले ज्याला सीआरडी म्हणतात तो श्वासाचा जुनाट रोग. एका बाजूचा चेहरा सुजून नाकातून दुर्गंधी येत असेल तर कोरायझा, म्हणजे कोंबड्यांची संसर्गजन्य सर्दी. दोन्हींत औषधाने कोंबडी सुधारते, पण जंतू अंगात राहतात आणि नव्या पिल्लांना लागतात. बुबुळाचा पिवळा-नारिंगी रंग जाऊन राखाडी झाला, बाहुली वेडीवाकडी झाली, तर मॅरेक्सचा (पाय लुळे पाडणारा विषाणूचा रोग) संशय घ्यायचा. त्याला इलाज नाही. लस पिल्लू अंड्यातून निघाल्याच्या दिवशीच, उबवणी केंद्रातच द्यावी लागते.

तुमच्या वर्णनात यातलं काही नाही. डावा डोळा बहुधा देवीचा बळी आहे: पापणीच्या आतल्या बाजूला फोड आला, पारदर्शक पटल घासलं गेलं आणि त्याचा वण राहिला. तो वण जाणार नाही. उजवा वाचण्यासारखा दिसतोय. कणी आणि भातात अ जीवनसत्त्व जवळजवळ नसतंच. ते कमी पडलं की डोळ्याच्या कडेचं अस्तर कोरडं पडून झडतं, अश्रुनलिका बुजते आणि झडलेल्या पेशींचा तो पनीरसारखा गोळा साठतो. देवीमध्येही असा गोळा होतो, त्यामुळे इथे दोन्ही कारणं एकत्र असू शकतात.

गोळा काडीने किंवा नखाने उकरू नका. सलाइन कोमट करून त्यात कापूस भिजवायचा आणि पापणीवर ५ ते १० मिनिटं धरायचा. मग खालची पापणी हलकेच खाली ओढून कडेने दाबायचं. सुटला तर अख्खा बाहेर येतो. नाही सुटला तर दवाखान्यात न्या, तिथे बोथट चिमट्याने काढतात आणि पटलावर जखम आहे का हे हिरव्या रंगाचा थेंब टाकून बघतात. पशुवैद्यकीय दवाखाना लांब असेल तर १९६२ वर फोन करून फिरत्या पथकाची चौकशी करा.

बांधावरचा
आमच्याकडे डोळ्याला हळद उगाळून लावतात. दोन दिवसांत पापणी सुटते.

डॉ. खुराडे
पापणी सुटते ती ओलाव्याने. हळदीचे कण पटलावर घासतात, जखम वाढते. लिंबू, कांद्याचा रस, दूध हेही नको. देवीची खपली पापणीच्या बाहेर असेल तर पातळ केलेलं बीटाडीन कापसाने फक्त खपलीवर लावा, डोळ्यात जाऊ देऊ नका. खपली ओढून काढायची नाही: रक्त येतं, शिवाय तिच्यात जिवंत विषाणू असतो आणि तो खुराडंभर पसरतो. दोन ते चार आठवड्यांत आपोआप पडते.

मोजमाप
सलाइन म्हणजे मेडिकलमध्ये मिळणारं ०.९ टक्क्याचं एनएस, १०० मिलीची बाटली पुरे. अगदीच अडलं तर एक लिटर पाणी उकळून त्यात ९ ग्रॅम साधं मीठ, आणि ते त्याच दिवशी संपवायचं. 'चमचाभर' मीठ घालू नका, घरोघरचे चमचे वेगळे.

धरण्याची पद्धत: जुन्या पंचात गुंडाळा, पंख आत, पाय आत. पण छाती आवळायची नाही. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड पुढेमागे हललं तरच श्वास चालतो. घट्ट धरलेली कोंबडी 'शांत झाली' असं वाटतं तेव्हा ती गुदमरत असते. डोकं एका बाजूला किंचित खाली, म्हणजे धुतलेलं पाणी नाकात न जाता बाहेर पडतं.

फोंड्याची सून
माणसांचे डोळ्याचे थेंब चालतात ना? प्रत्येक घरात एखादी उघडलेली बाटली असतेच.

डॉ. खुराडे
तीच बाटली घात करते. आधी नाव वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असं काही लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. पटलावर जखम असताना स्टेरॉइड पडलं की जखम भरणं थांबतं, डोळा फुटूही शकतो. दुसरं म्हणजे क्लोरॅम्फेनिकॉलची ती छोटी मलमाची कॅप्सूल, जी मेडिकलवाला न विचारता देतो. अंड्या-मांसासाठी पाळलेल्या जनावरांत त्या औषधाला मनाई आहे. कुठलं प्रतिजैविक, किती दिवस, हे डॉक्टरला ठरवू द्या, आणि तेवढे दिवस आणि पुढे ते सांगतील तितके दिवस अंडी खाऊ नका.

मलमापेक्षा थेंब सोयीचे. मलमाने भोवतीची पिसं चिकटतात, त्यावर तूस बसतो आणि कोंबडी तो डोळा पंखावर घासत बसते.

साळुंकी
अ जीवनसत्त्वाचं: पशुखाद्याच्या दुकानात अ, ड३, ई असलेलं द्रव मिळतं (व्हिमेरल वगैरे). बाटलीवर मात्रा १०० पक्ष्यांमागे लिहिलेली असते आणि लोक एका कोंबडीला चमचा पाजतात. समजा १०० पक्ष्यांना १० मिली लिहिलंय, तर एकीला ०.१ मिली. इन्सुलिनची लाल टोपणाची ४० युनिटची सिरिंज घ्या, सुई काढून फेका, ४ युनिटपर्यंत भरलं की ०.१ मिली होतं. थेट घशात न सोडता भाकरीच्या तुकड्यावर टाकून द्या. पाच ते सात दिवस, मग बंद. अ जीवनसत्त्व चरबीत साठतं, जास्त झालं तर तेही बाधतं.

कायमचा उपाय मात्र खाण्यात आहे. शेवग्याचा पाला, माठ, किसलेलं गाजर, पिकलेली पपई आणि कणीऐवजी पिवळा मका. पांढऱ्या मक्याचा या कामी उपयोग नाही. सगळ्यात सोपं म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य, दिवसाला १०० ते १२० ग्रॅम. गावरान चरत असेल तर त्याहून कमी लागतं.

मिरगाचा पाऊस
देवी नसती तर मी पहिलं खुराडंच हुंगलं असतं. पावसाळ्यात कोकणात तूस ओला होतो, विष्ठेतून अमोनिया सुटतो आणि डोळे जळून लाल, मग पांढरट होतात. नाक कोंबडीच्या उंचीला नेऊन बघा, उभ्याने वास कळत नाही. तुमचे डोळे चुरचुरले तर ती चोवीस तास त्यातच बसलेली असते. मूठभर तूस दाबून बघायचा: गोळा तसाच राहिला तर ओला, सुटून पडला तर ठीक. ओल्यावर चुना भुरभुरायचा, झालं.

डॉ. खुराडे
चुन्याबद्दल थोडी दुरुस्ती. ओल्या, विष्ठा मिसळलेल्या तुसावर चुना टाकला तर आम्लता कमी होऊन अमोनिया उलट जास्त सुटतो. आधी ओला तूस काढून बाहेर, मग रिकाम्या जमिनीवर चुना, ती सुकली की वर नवा कोरडा तूस दोन-तीन इंच. आणि त्या वेळी आजारी डोळ्याची कोंबडी आत नको, चुन्याची पूड डोळ्याला जाळते.

बांधावरचा
राखेचंही तसंच का? आमच्या कोंबड्या चुलीच्या राखेत लोळतात.

डॉ. खुराडे
डोळा ओला किंवा जखमी असेपर्यंत राख नको. ओल्या जागी ती क्षारासारखी वागते. तोवर घमेल्यात चाळलेली कोरडी माती आणि बारीक रेती ठेवा. डोळा पूर्ण बरा झाला की थंड, चाळलेली राख मिसळायला हरकत नाही.
मातीस्नान चुकवू नका. न दिसणारी कोंबडी नेमकी जागा शोधू शकत नाही म्हणून लोळत नाही, आणि मग उवा माजतात. दर पंधरा दिवसांनी पंखाखाली आणि गुदद्वाराभोवती पिसं उचलून बघा.

थेम्सकाठी
अवांतर: इकडे इंग्लंडात १ ऑक्टोबर २०२४ पासून परसात एक कोंबडी पाळली तरी सरकारदरबारी नोंदवावी लागते. बर्ड फ्लूमुळे.

कोंबडेवडे
म्हणजे पाहुणे आले की आधी नाव कमी करून आणायचं?

मोजमाप
अवांतर असलं तरी विषय निघालाच आहे तर: भारतातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक २००६ साली नवापूरला, नंदुरबार जिल्ह्यात झाला होता. चेहरा सुजलेला, तुरा निळा-काळा आणि एकापाठोपाठ एक मरताहेत असं दिसलं तर डोळ्यात थेंब घालत बसू नका. मेलेल्यांना उघड्या हातांनी शिवू नका, पशुसंवर्धन खात्याला कळवा. या धाग्यातला प्रकार तो नाही.

आता मूळ मुद्दा: तिला किती दिसतं? बाहुलीवर टॉर्च मारून निदान करू नका. पक्ष्यांच्या बुबुळाचे स्नायू त्यांना हवे तेव्हा हलवता येतात, म्हणून प्रकाशाने बाहुली लहान झाली की नाही यावर भरवसा ठेवता येत नाही. त्यापेक्षा एका डोळ्यावर हात आडवा धरा आणि दुसऱ्या बाजूने कापसाचा बोळा वरून सोडा. कापूस आवाज करत नाही, वारा करत नाही. मान त्याच्या मागे वळली तर त्या डोळ्याला दिसतं. बोट नाचवून बघायचं तर मध्ये काच धरा, नाहीतर ती वाऱ्यानेच दचकते. आणि परीक्षा दिवसा घ्या. अंधारात सगळ्याच कोंबड्या रातांधळ्या.

साळुंकी
यात डावा-उजवा हा फरकही असतो. अंड्यात शेवटच्या दिवसांत पिल्लाची मान अशी वळलेली असते की उजवा डोळा कवचाकडे येतो, डावा अंगाखाली दडतो. उजव्याला उजेड मिळतो. त्यामुळे दाणा आणि खडा यातला फरक ओळखायचं काम पुढे उजवा डोळा जास्त करतो, आणि घारीवर, कुत्र्यावर लक्ष ठेवायचं डावा. ताईंच्या कोंबडीचा उजवा वाचला तर टिपणं सुधारेल, पण डाव्या बाजूने येणारं मांजर तिला कळणार नाही. मोकळी सोडाल तेव्हा हे लक्षात असू द्या.

फोंड्याची सून
बाई गं. मी आता अंडं फोडताना विचार करत बसणार.

मिरगाचा पाऊस
डोळ्यांच्या भोवती काळे ठिपके चिकटलेले आहेत का तेही बघा. पापणीच्या कडेला पिसवा डोकं रुतवून बसतात, लोक त्याला खरूज समजतात. व्हॅसलीनचा जाड थर लावला की गुदमरून मरतात, मग चिमट्याने काढायच्या. कोंबडी डोळा सतत घासत असेल आणि तिसऱ्या पापणीखाली (डोळ्यावर आडवा सरकणारा पातळ पडदा) पांढरा दोरा वळवळताना दिसला तर ती डोळ्यातली कृमी. झुरळाच्या पोटातून येते. कोंबडी झुरळ खाते, कृमी घशातून अश्रुनलिकेने डोळ्यात चढते. काढायची ती डॉक्टरने. तुम्ही खुराड्याखालचा ओला पालापाचोळा आणि पोती हलवा, झुरळं तिथेच असतात.

आगरातली
पिसवा नाहीत, दोराही नाही. कापसाने शेकून गोळ्याचा अर्धा भाग निघाला, बाकीचा दवाखान्यात काढला. पटलावर जखम नाही म्हणाले. उजव्या बाजूने कापूस सोडला तर मान वळते, डावीकडून काहीच नाही. म्हणजे एकाक्ष झाली म्हणायची. आता मांडणी सांगा.

मोजमाप
सुरुवातीचे दोन-तीन आठवडे ती पूर्ण आंधळी आहे असंच समजून मांडा, कारण तोवर तिला या डोळ्याचा अंदाज येत नाही.

जागा साधारण ४ फूट बाय ४ फूट पुरते. खुराड्याला लागूनच, मध्ये अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी. बाकीच्यांचा आवाज तिला आला पाहिजे, चोच नाही. षटकोनी कुंपणजाळी कोंबडी आत ठेवते, मुंगूस बाहेर ठेवत नाही. तिच्या मोठ्या भोकांतून सापही येतो.

दाण्यासाठी जड मातीचा परळ, आठ इंच रुंद, दोन इंच खोल, विटेवर ठेवून कड तिच्या पाठीच्या उंचीला आणायची. पसरट ताटलीत दाण्यांचा एकच थर असला तर चोच तळावर आपटते आणि टोक सोलतं. दोन इंच भरलेल्या खाद्यात नेम चुकला तरी घास मिळतो. कोरड्या भरड्यात थोडं पाणी घालून ओलसर केलं तर अजून सोपं, पण उरलेलं चार तासांनी काढा, आंबतं. पाणी दाण्यापासून एका फुटावर, त्याच रेषेत. चोचीने दाबून पाणी प्यायचं निप्पल नको, तिला ते सापडत नाही.

दोन्ही भांड्यांखाली काथ्याची पायपुसणी अंथरा. तुसावरून काथ्यावर पाय पडला की भांडं जवळ आहे हे पायाला कळतं. आणि मग काहीही झालं तरी जागा बदलायची नाही. झाडून काढताना भांडी इकडची तिकडे होतात, तिथेच कोंबडी उपाशी राहते.

साळुंकी
त्यात भर: दाणा ठेवताना परळावर चमचा वाजवा, रोज तसाच. पाण्याच्या भांड्यावर बाटली टांगून थेंब थेंब पडू दिला तर आवाजाने पाणी शोधते. पहिल्या दिवशी चोच हलकेच पाण्यात बुडवून दाखवा, नाकपुड्या बुडू न देता.

ती खाते की नुसती टोचते हे डोळ्यांनी ठरवू नका. संध्याकाळी गळ्याच्या खाली उजव्या बाजूला हात लावा: अन्नाची पिशवी लिंबाएवढी किंवा मोठी, मऊ-घट्ट लागली पाहिजे. सकाळी रिकामी. सकाळीही टम्म आणि घट्ट असेल तर अन्न अडलंय. आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. १४०० ग्रॅमची कोंबडी १२६० वर आली तर दवाखाना, वाट बघायची नाही.

बांधावरचा
आणि दांडी? कोंबडी दांडीवर नसली तर रात्रभर कुरकुरते.

मिरगाचा पाऊस
दांडी ठेवा, पण जमिनीपासून सहा ते आठ इंच, दोन इंच रुंद, वरच्या कडा गोल केलेली चौकोनी पट्टी. बांबू गोल आणि गुळगुळीत असतो, पाय घसरतो. एकाक्ष कोंबडी चढून जाते, पण उतरताना खोली चुकते आणि छातीवर आदळते. पूर्ण आंधळी असेल तर दांडी नकोच, कोपऱ्यात जाड तूस.

कोंबडेवडे
खरं विचारतो, चेष्टा नाही. न दिसणाऱ्या कोंबडीला एवढं करून ठेवणं हे तिच्यासाठी की आपल्यासाठी? एका झटक्यात सुटका करणं जास्त दयाळू नाही का?

डॉ. खुराडे
प्रश्न बरोबर आहे आणि कधी कधी उत्तर 'हो' असतं. मॅरेक्स असेल, पाय लुळे पडत असतील, वजन घटतच असेल तर ओढत नेऊ नये. पण निव्वळ दिसत नाही म्हणून नव्हे. ती पिसं साफ करते का, मातीत लोळते का, चमचा वाजल्यावर उठून येते का, हे बघा. हे सगळं चालू असेल तर कोंबडीला डोळ्याचं दुःख आपल्याला वाटतं तितकं नसतं. पोट भरत नाही आणि बाकीच्या टोचतात, हे तिचं खरं दुखणं, आणि या दोन्हींवर उपाय करता येतो.
आंधळी कोंबडी अंडीही घालते. उजेड डोळ्यांखेरीज कवटीतून थेट मेंदूपर्यंतही पोचतो, दिवस मोठा झाल्याची वर्दी तिथून मिळते.

कोंबडेवडे
मान्य. शिवाय अंडी मिळताहेत म्हटल्यावर माझा दुसराही मुद्दा गेला.

थेम्सकाठी
इकडे बरेच जण तुरेवाल्या जाती पाळतात, पोलिश आणि सिल्की. त्यांच्या 'आंधळेपणा'चं कारण पुष्कळदा डोळ्यांवर आलेली पिसं असतं. कात्रीने कापायची, पण नवी पिसं फुटत असताना त्यांच्या दांड्यात रक्त असतं, निळसर दिसतात, ती कापायची नाहीत. पुण्या-मुंबईतही आता हौशी लोकांकडे सिल्की दिसतात म्हणून लिहिलं.

आगरातली
मांडणी केली, परळ-पायपुसणी सगळं. एक राहिलं: कळपात परत कधी आणि कशी?

साळुंकी
वजन पूर्वीइतकं झालं आणि डोळा कोरडा राहिला की. सगळ्यांत एकदम सोडू नका. कळपातली सगळ्यात गरीब कोंबडी आधी तिच्या कप्प्यात आणून ठेवा, दोघींचं जमलं की मग संध्याकाळचा शेवटचा तास एकत्र सोडायचं, तेव्हा सगळ्यांचं लक्ष खुराड्याकडे असतं. दाणा दोन लांब ठिकाणी.

डॉ. खुराडे
कोंबड्याबरोबर मात्र नको. आंधळ्या बाजूने चढला तर तिला बसायला वेळ मिळत नाही, पाठ फाटते. तो कळपात असेल तेव्हा ही जाळीआड. आणि ज्यांना देवी झाली नव्हती त्यांना पंखाच्या पडद्यात लस टोचून घ्या, सात ते दहा दिवसांनी टोचल्या जागी छोटी गाठ आली तर लस लागली. पुढच्या पिल्लांना सहा ते आठ आठवड्यांची असताना. देवी डासांमार्फत फिरते, तेव्हा खुराड्याला मच्छरदाणीचं कापड आणि आगरातल्या करवंट्या उपड्या.

आगरातली
करवंट्या ढिगाने आहेत. आजच उपड्या घालते. कोंबड्याला दुपारपर्यंत डालग्याखाली ठेवलं तर चालेल का?

मिरगाचा पाऊस
चालेल, डालगं सावलीत आणि आत पाण्याची वाटी. ओरडेल दोन दिवस. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.